आदीचा तवा

मासवणच्या पुढे, सूर्या नदीच्या पलीकडे डोंगरात एक गुंफा आहे. तुमच्यापैकी बहुतेक जण तिथे गेले नसणार. गेलात तर बिघडणार काही नाही, फक्त दारातल्या पाटीवर विश्वास ठेवू नका. 'येथे आदिमानवाने मातीचे भांडे प्रथम घडविले' असं तिच्यावर पिवळ्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं आहे. ते खोटं आहे. मला ठाऊक आहे, कारण ते माझ्यामुळे लिहिलं गेलं.

मी कमी बोलणारा माणूस. कऱ्हाडला कॉलेजात इतिहास शिकवतो. चहात साखर कमी आहे हेसुद्धा याच्या तोंडून तिसऱ्या दिवशी निघतं, असं बायको म्हणते. ही गोष्ट निघायला सतरा वर्षं लागली. जानेवारीत आमचे सर गेले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "सरांनी महाराष्ट्राचं पहिलं गाडगं शोधलं." शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, तरी पडल्या. मी खाली बसलो तो घामानं भिजून. पुढच्याच आठवड्यात रजा टाकली आणि पालघरचं तिकीट काढलं.

काय झालं होतं ते आधी सांगून टाकतो. सतरा हिवाळ्यांपूर्वी सर आम्हा चार विद्यार्थ्यांना घेऊन तिथे खोदायला आले होते. गावातले लोक त्या गुंफेला 'बीळ' म्हणत. सरांनी तिचं नाव ठेवलं 'मासवण गुंफा क्रमांक एक'. क्रमांक दोन कधी सापडली नाही. खोदताना गारगोटीची बोटाच्या पेराएवढी पाती निघत होती. ती खरोखर अश्मयुगातली, त्याबद्दल वाद नाही. पण सरांना दगडांत रस नव्हता. "दगड काय, माकडसुद्धा फोडतं," ते म्हणत. "माणूस माणूस झाला तो चिखल भाजला तेव्हा." त्यांना गाडगं हवं होतं. चाकाच्या आधीचं, नुसत्या हातांनी केलेलं. त्यांचं म्हणणं असं, की कुठल्या तरी बाईनं टोपलीला आतून चिखल लिंपला, टोपली विस्तवात पडली, टोपली जळाली आणि चिखलाचं भांडं उरलं. म्हणून बाहेरून टोपलीची वीण उमटलेलं खापर मिळालं पाहिजे.

बाराव्या दिवशी मिळालं. मलाच. दोन हात खाली, गारगोटीच्या पात्यांना चिकटून. जाड, काळपट, भाताच्या तुसाचे ठसे आणि बाहेरून टोपलीची वीण. सर माझ्या गळ्यात पडले. हा प्रकार त्यांच्या बायकोच्याही वाट्याला आला असेल असं वाटत नाही.

तेवढ्यात गुंफेखालच्या झोपडीत राहणारी लाडकीबाय आमच्यासाठी पाण्याचा हंडा घेऊन आली. तिनं खापर हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "ह्यो आदीचा तवा हाय."

सरांचे डोळे भरून आले. "आदी! ऐकलंस? हजारो वर्षांची लोकस्मृती! लिही, लिही!"

मी लिहिलं. 'स्थानिक लोक हे पात्र आदिकाळचे मानतात.'

आता, या बाजूला 'आम्ही'चं 'आमी' होतं, 'तुम्ही'चं 'तुमी' होतं, तसं 'आधी'चं 'आदी' होतं. लाडकीबाय सांगत होती, की सध्या चुलीवर आहे त्याच्या आधीचा हा तवा. गेल्या पावसाळ्यात फुटलेला. मला हे त्याच संध्याकाळी तिच्या अंगणात कळलं, कारण ती तिथे टोपलीत चिखल थापून पुढचा तवा करत बसली होती. भाकर भाजलेली माती पायाखाली येऊ नये, म्हणून फुटका तवा बिळात खड्डा करून पुरायचा, ही तिच्या घरची रीत. आमच्या कऱ्हाडकडे फुटकं खापर उकिरड्यावर जातं, नाहीतर कोंबड्यांना पाणी ठेवायला.

मी सरांना सांगितलं नाही. पुढच्या वर्षी सरांच्या चिठ्ठीवर मला नोकरी लागली. याहून वाईट एक गोष्ट आहे, ती मासवणला पोचल्यावर सांगतो.

माहीम

पालघर स्टेशनाबाहेरून मासवणची एसटी पूर्वेला जाते. मी पश्चिमेला गेलो. कबुली द्यायला निघालेला माणूस आधी समुद्र बघून येतो, असा माझा अनुभव आहे.

या माहीमला, मुंबईच्या नव्हे, आधी केळीच्या वाड्या लागतात, मग पानवेली. सगळं इतकं हिरवं आणि सभ्य की आपण उगाच हळू बोलायला लागतो. मग एका वळणावर वाळत्या बोंबलांचा वास येतो आणि सभ्यता संपते. किनाऱ्यावर काठ्यांच्या चौकटींवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. आमच्या विभागाच्या बैठकीत प्राध्यापक असेच दिसतात.

तिथे हिरूबाय भेटली. खोदकामाच्या वेळी ती सुकी मासळी घेऊन डोंगरात यायची आणि बदल्यात लाडकीबायकडून तवे आणि मडकी न्यायची. मी विचारलं, "ओळखलंत का?"

"तुला नाय वळखनार? दात घासायच्या बुरशानं दगडं धुनारा तू!"

तिनं जेवायलाच बसवलं. ताज्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आम्ही ज्वारीवाले, तांदळाची भाकरी म्हणजे आजाऱ्याचं जेवण अशी आमच्याकडे समजूत. मी चार खाल्ल्या. भाकरी मातीच्या तव्यावर भाजत होती. काळा, जाड, बाहेरून टोपलीची वीण.

"लाडकीचा शेवटचा, पंधरा वरसां जपला," हिरूबाय म्हणाली. "ह्यो फुटला का मी पन लोखंडाचा घेनार. तिला माती कुटं भेटते आता?"

"म्हणजे?"

"तुमच्या तारंत गेली ना माती! बिळाला कुंपन घातला सरकारनी, त्यात वड्याकाठची दरड पन घेतली. नदीची माती आनून बघितली तिनी. भट्टीत तडकली सगली. आता तिचे हात थरथरतात. शेवंतीला, तिच्या पोरीला, शिकवायचा म्हनते. पन कशात शिकवनार? पिठात?"

मी घशात काटा अडकल्याचं सोंग केलं. बोंबलाला अडकण्याजोगा काटा नसतो हे कऱ्हाडच्या माणसाला माहीत नव्हतं. हिरूबायला होतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं पाचवी भाकरी वाढली.

एका खापराची थाप पचली असं मी सतरा वर्षं धरून चाललो होतो. तिच्यापायी कोणाची माती गेली असेल, हे मला सुचलंच नव्हतं. सुचू दिलं नव्हतं, असं म्हणणं जास्त खरं.

मासवण

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगर चढून गुंफेशी पोचलो. काटेरी तार, दाराला कुलूप, पाटी. आसपास कोणी नाही. तारेच्या आत डाव्या हाताला ओढ्याकाठची पिवळसर मातीची दरड दिसत होती. गुंफेपासून चांगली पन्नास पावलं लांब. तिला कुंपणात घ्यायचं काहीच कारण नव्हतं. कोणीतरी कागदावर पट्टी ठेवून रेघ मारली असणार. जवळून बघावं म्हणून मी दोन तारांमधून आत शिरलो. म्हणजे अर्धा शिरलो. अर्ध्यावर पँट मागून अडकली आणि फाटली. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"कोन हाय त्यो? हालू नको!"

"हलता येत नाहीये," मी म्हणालो.

तो लाडकीबायचा नवरा, लहान्या. वर खाकी शर्ट, खाली घरची लुंगी. सरकार कमरेपर्यंतच पोचलं होतं. खोदकामानंतर दोन वर्षांनी तार आली आणि लहान्याला राखणदार नेमलं. पंधरा वर्षं तो तिथे शिट्टी घेऊन बसतो. त्याला सक्त हुकूम होता, आतलं ढेकूळसुद्धा बाहेर जाता कामा नये. बायको माती मागायची, हा नाही म्हणायचा. घरात नवरा, तारेपाशी सरकार.

"आरं, ह्यो तर दगडं धुनारा मास्तर!" असं म्हणून त्यानं मला सोडवलं. शिट्टी ऐकून लाडकीबाय वर आली. केस पांढरे, नजर तीच. तिनं पाण्याचा तांब्या पुढे केला तेव्हा पाणी तिच्या मनगटावर सांडलं. हिरूबायनं सांगितलेलं खरं होतं.

मी एका हातानं पँट मागून धरली आणि म्हणालो, "लाडकीबाय, मी फार मोठी चूक केली."

"शिवता येल ती," ती म्हणाली.

"पँट नाही. तेव्हा खापर सापडलं ना, ते तुमच्या तव्याचं होतं. मला माहीत होतं."

"मला पन. माजा तवा मला नाय वळखू येनार?"

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"बोलली का! आदीचा हाय, आसा बोलली. तर तुमी सगली नाचाय लागली. मला वाटला, शेरात फुटका तवा भेटला का नाचतात."

मला हसू आलं. ते फार टिकलं नाही, कारण ती तारेपलीकडच्या दरडीकडे बघत होती. सणाच्या दिवशी रिकाम्या डब्याकडे बघावं तसं.

लहान्यानं ते पाहिलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं झोपडीतून भेटवही आणली. साहेब लोक येतात, सही करतात, शेरा लिहितात, ती. "मास्तर, तू बी साहेबच हाय आता. लिव यात, 'मातीचा नमुना घेतला.' दोन टोपल्या ने. मी शिट्टी वाजवनार नाय."

लाडकीबायचा चेहरा उजळला. इतकं सोपं होतं ते. एक ओळ खोटी लिहायची, तिला आज माती मिळणार, लहान्याची नोकरी शाबूत, माझी अब्रूही शाबूत. खोटं लिहायला माझा हात तयारच असतो. मी पेन उघडलं आणि 'मा' लिहिला.

आता ती वाईट गोष्ट. लाडकीबायकडून तव्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला खोदलेल्या जागेची उभी भिंत आलेखाच्या कागदावर काढायला सांगितली. भिंतीत मातीचे थर दिसतात, कोणती माती जुनी आणि कोणती नवी ते त्यावरून ठरतं. आणि त्या भिंतीत लाडकीबायचा खड्डा दिसत होता. काळसर, भुसभुशीत, वाडग्याच्या आकाराचा, वरून थेट खापरापर्यंत उतरलेला. शाळकरी पोरानंही ओळखला असता. सर बाहेर उन्हात कॅमेऱ्याशी झटापट करत होते. मी पेन्सिलीला टोक केलं आणि खड्ड्याच्या जागी सरळ रेघ ओढली. खड्डा गेला, तवा अश्मयुगात गेला. तो नकाशा छापून आला. शब्दांवर शंका घेणारे पुष्कळ निघाले. त्या रेघेवर कोणी घेतली नाही. सर खोटे नव्हते, भाबडे होते. खोटा मी होतो.

मी तो 'मा' खोडला आणि हे सगळं भेटवहीत लिहिलं. तवा कोणाचा, पुरला कोणी, खड्डा कोणाला दिसला, रेघ कोणी ओढली. पानभर झालं. खाली नाव, हुद्दा, सही.

लहान्याला वाचता येत नाही. "येवडा लांब नमुना?" तो म्हणाला. "वाच."

मी वाचलं. मोठ्यानं. वाचताना पँट सुटली, ती लाडकीबायनं सभ्यपणे बघितली नाही.

लहान्यानं भेटवही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग म्हणाला, "म्हंजे पंधरा वरसां मी माज्याच बायकोचा फुटका तवा राखतो?"

"आनि मलाच आत नाय सोडलास," लाडकीबाय म्हणाली.

"तू कदी सांगितला नाय, त्यो तुजा हाय म्हनून!"

"धा येळा सांगितला! तू म्हनायचास, सरकारला तुज्यापेक्षा जास्ती समजते."

दोघांनीही माझ्याकडे बघितलं. सरकार मीच असल्यासारखं.

"मंग आता माजी शिट्टी?" लहान्यानं विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. "तवा खोटा निगाला तर राखन कशाची?"

मी म्हणालो, गारगोटीची पाती खरी आहेत, गुंफा खरीच जुनी आहे, तिला राखणदार लागणारच. मी तसं पुरातत्त्व खात्याच्या कचेरीला पत्र लिहीन. चूक तव्यापुरती आहे आणि मातीची दरड कुंपणात असायचं कारणच नाही. पत्राला उत्तर कधी येईल ते मात्र सांगता येणार नाही.

लाडकीबायनं नवऱ्याकडे वळून सांगितलं, "शिट्टी ठेव. दार उगड."

त्यानं दार उघडलं नाही. तो पहार घेऊन आला. "खांब मीच रवले व्हते," म्हणाला, "मीच सरकवनार." दुपारपर्यंत ओढ्याकडचे सात खांब उपसून गुंफेच्या अंगाला रोवले. दरड बाहेर आली. याला गुन्हा म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि खांब मी हलवले असं मी पत्रात लिहिलं आहे. त्यात थोडं खोटं आहे. मी फक्त एका हातानं खांब धरून उभा होतो. दुसरा हात पँटला होता.

संध्याकाळी नागलीची भाकरी, जवळ्याची चटणी आणि लहान्याची ताडी. अंगणात दोन टोपल्या माती येऊन पडली होती. लाडकीबायनं त्यात हात घातला, मूठ वळली, आणि मूठ थरथरून सुटली. पुन्हा वळली, पुन्हा सुटली.

"माती आली तर हात गेलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "शेवंतीला आन."

बोईसर

बोईसरला वास वळणावळणाला बदलतो. एका कोपऱ्यावर सडकी अंडी, दुसऱ्यावर रंग, तिसऱ्यावर समोसे. रस्त्यावर सगळी हिंदी. आमच्याकडे अनोळखी माणसाची पँट फाटलेली दिसली तर लोक घरी जाऊन हसतात. इथे सायकलवरून जाणारा एक कामगार थांबून म्हणाला, "भाईसाब, पीछे से पूरा खुला है." शिंपीही त्यानंच दाखवला. मी टॉवेल गुंडाळून शिंप्याच्या फळीवर बसून कचेरीचं पत्र पक्कं केलं, आणखी एक प्रत ज्या नियतकालिकात नकाशा छापला होता त्याच्यासाठी केली, आणि दोन्ही रजिस्टर करून टाकली. पोस्टातल्या कारकुनानं शिक्का मारला तेव्हा मला वाटलं, आता काही तरी जाणवेल. हलकं वगैरे. भूक लागली, बाकी काही नाही.

शेवंती एका कारखान्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं मोजून पिशव्यांत भरते. बेटेगावात दोघींत एक खोली घेऊन राहते. पाळी सुटल्यावर फाटकाशी गाठली. तिशीच्या आतली, चालणं आईसारखंच भरभर. मी सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जातं, याचीच मला लाज वाटली.

"म्हणजे तुमच्या चुकीसाठी माझी रजा?" ती म्हणाली. तिची भाषा बरीच बोईसरची झाली आहे.

"हो."

"ही झाकणं वरून टाकली तरी फुटत नाहीत. तवा एवढा धक्का लागला की गेला. कोण घेतं आता?"

"हिरूबाय घेईल."

"एकटी हिरूबाय!" ती हसली. मग चालता चालता तिनं विचारलं, "मूठ वळते आईची?"

"वळते. राहत नाही."

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीला उभी होती. दोन दिवसांची रजा, हातात एक प्लास्टिकची पिशवी. माझ्याशी बोलायची इच्छा दिसली नाही, म्हणून मी मागच्या सीटवर बसलो.

पुन्हा मासवण

पहिलं गाडगं कसं झालं यावर मी सोळा वर्षं वर्गात बोलतो आहे. मूठभर तूस किती आणि माती किती, हे मला कोणी विचारलं नाही म्हणून बरं. लाडकीबाय ओट्यावर बसून तोंडानं तवा करत होती, खाली शेवंती हातांनी.

"तूस घाल. आजून. तुजी आय मेली काय, तूस आसा हात आकडून घालतेस ती?"

"समोर बसून शिव्या देते ती मेली असंल कशी!"

आधी टोपलीला आतून राख, म्हणजे माती चिकटत नाही. मग मातीचा गोळा मधे, आणि तळहाताच्या टाचेनं तो कडेकडे ढकलत न्यायचा. मलाही एक टोपली दिली होती. माझा तवा मधे बसका आणि कडेला कलंडलेला झाला. लहान्या येऊन बघून गेला. "ह्यो सरकारात पाठव," म्हणाला, "लगेच पास व्हईल."

शेवंतीचा पहिला फाटला. दुसराही फाटला. तिनं कपाळावर मातीचा हात मारला आणि म्हणाली, "जाते मी, माझी झाकणंच बरी." लाडकीबाय खाली उतरली. आपले थरथरते हात तिनं शेवंतीच्या हातांवर ठेवले. दाब द्यायला नव्हेच, तो तिच्यात उरलाच नव्हता. कुठे थांबायचं ते सांगायला. कडेपाशी आले की हात आपोआप हलके व्हायचे. तीनदा, चारदा. पाचव्यांदा लाडकीबायनं हात काढून घेतले आणि शेवंती पुढे ढकलत राहिली.

मी लाडकीबायला विचारलं, "रागावला नाहीत माझ्यावर?"

"रागावली," ती म्हणाली. "लई वरसां. आता सरक तिकडं, उजेड आडवतो तू."

मी सरकलो. माफी तिनं दिली नाही, मी मागितलीही नाही. माती पंधरा वर्षं अडली, हात गेले. ते पत्रानं परत येत नाहीत.

तवा सावलीत ठेवला. माती वाळताना आकसते आणि टोपलीपासून आपली आपण सुटते. तोवर हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, आम्ही चौघं टोपलीभोवती उकिडवे बसलो होतो. शेवंतीची पिशवी दाराशी भरलेली, गाडीला थोडा वेळ होता. तिनं टोपली कलती केली, एक बोट कडेखाली घातलं आणि तवा अलगद तळहातावर आला. कुठे तडा नाही. बाहेरून सगळी वीण उमटलेली.

लाडकीबायनं तो हातात घेतला नाही. पाडला असता. वाकून, डोळे बारीक करून तिनं तो खालून बघितला.

"बूड जाड झाला," ती म्हणाली.

"भाजून घे," शेवंती म्हणाली. तवा तिनं आईच्या पुढ्यात पेंढ्यावर ठेवला आणि पिशवी उचलली. "पुढच्या सुट्टीला पातळ करीन."